तार ओढायची ती कानाने

गिटारच्या क्लासात पहिलं वर्ष कॉर्डमध्ये जातं. सी, जी, डी, ए मायनर आणि मग एफचा बार कॉर्ड. तिथे निम्मी पोरं गळतात. जी टिकतात ती दुसऱ्या वर्षी मोबाइलवरून टॅब उतरवून आणायला लागतात. टॅब म्हणजे सहा आडव्या रेघा आणि रेघांवर फ्रेटचे आकडे. स्वरलिपी येत नसली तरी वाचता येते, त्यामुळे सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग एका आकड्यातून बाण वर निघतो आणि बाणाच्या टोकाशी 'फुल' असं लिहिलेलं असतं. पोरगं तार दाबतं, वर ढकलतं, ओठ चावतं. सूर मधेच कुठेतरी लोंबकळत राहतो. मग बोट झटकत प्रश्न येतो, "सर, हे अकूस्टिकवर होतं का?"

या प्रश्नाला सरसकट दोन उत्तरं मिळतात. एक, "इलेक्ट्रिक घे." दुसरं, "घट्टे पडू देत बोटांना, होईल आपोआप." दोन्हींत थोडं तथ्य आहे, आणि दोन्ही देणाऱ्याला पुढचं समजावून सांगायचा कंटाळा आहे. अकूस्टिक गिटारवर तार ओढता येते. किती ओढता येते, कुठल्या तारेवर आणि का, हे मात्र समजून घ्यावं लागतं. त्यातला बराचसा भाग बोटांकडे नसून कानांकडे असतो, आणि ज्यांच्या घरात सकाळी रेडिओवर भक्तिगीतं लागायची त्यांचे कान या कामाला आधीच तयार असतात. क्लासात त्या कानांना कुणी विचारत नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी तारेचं बघू. तारेचा सूर तिच्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. मॅरँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६३६ मध्ये हा नियम छापून ठेवला आणि आजही त्यात फरक पडलेला नाही. त्याचा सरळ अर्थ असा की सूर अर्धा स्वर चढवायचा तर ताण सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो, आणि पूर्ण स्वर, म्हणजे सा वरून रे, टॅबवरचं ते 'फुल', चढवायचा तर २६ टक्के. आता दुकानात मिळणारा अकूस्टिकचा नेहमीचा 'लाइट' संच घ्या. त्यातली पहिली तार ०.०१२ इंचाची, म्हणून वादक तिला 'बाराची' म्हणतात. सुरात लावल्यावर तिच्यावर साधारण साडेदहा किलोचा ताण असतो. इलेक्ट्रिक गिटारवर बरेच जण 'नऊची' लावतात, तिच्यावर सहा किलो. पूर्ण स्वर ओढायला इलेक्ट्रिकवाल्याला दीड किलो ताण वाढवावा लागतो, आपल्याला पावणेतीन. सहाही तारांचा ताण एकत्र धरला तर अकूस्टिकचा तो बिचारा लाकडी डबा सत्तर किलोच्या वर ओढ सोसत उभा असतो.

गंमत अशी की तार जाड असो वा बारीक, साधी पोलादी तार त्याच सुरात लावली असेल, तर तेवढाच सूर चढवायला ती बाजूला सरकवावी लागते तेवढीच. अंतर सारखं, जोर वेगळा. म्हणून 'माझी बोटं लहान आहेत' ही सबब इथे फारशी चालत नाही.

खरी अडचण तिसऱ्या तारेची आहे. अकूस्टिकवर तिसरी तार गुंडाळीची असते, म्हणजे आत बारीक पोलादी गाभा आणि त्यावर पितळी किंवा ब्राँझची वळी. तिच्यावरचा ताण तेरा-चौदा किलो, आणि गाभा बारीक असल्याने सूर चढायला तिला लांबही जास्त ओढावं लागतं. दुहेरी मार. इलेक्ट्रिकवर हीच तिसरी तार साधी असते आणि रॉक संगीतातली निम्मी प्रसिद्ध बेंडं, म्हणजे तारेच्या ओढी, तिच्यावरच वाजलेली आहेत. टॅब इलेक्ट्रिकची, हातात गिटार अकूस्टिक, बाण तिसऱ्या तारेवर आणि वर 'फुल'. पोराचं बोट सोलणार नाही तर काय होणार?

पुण्यातल्या एका क्लासात हे फार चांगलं शिकवलेलं पाहिलं. जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर खोली, भिंतीला टेकवलेल्या पाच-सहा गिटारी, खाली स्कूटर लावायला जागा नाही. सर पन्नाशीचे. एक मुलगी होती, कॉलेजातली, लहानपणापासून गाणं शिकलेली. तिने टॅबवरचा बाण दाखवला. सरांनी आधी तिच्या गिटारच्या शेंड्याला लावलेला क्लिपचा ट्यूनर काढून आपल्या खिशात टाकला.

"दुसरी तार, आठवा फ्रेट. वाजव."

तिने वाजवला. जी.

"आता पहिल्या तारेचा पाचवा. तो ए. हा तुझा सा धर. मघाचा कोण मग?"

"कोमल नी."

"मग अगं, कोमल निषादावरून सा वर ये. गिटार नको, गळ्याने."

तिने गायलं. छोटीशी मींड, सहज, काहीच विशेष केल्यासारखं न वाटता. सरांनी ती तीन-चारदा गाऊन घेतली. एकदा सावकाश, एकदा झटकन, एकदा सा च्या जरा अलीकडे थांबून मग वर. मग म्हणाले, "आता गात गात ओढ. बोटांकडे बघू नकोस."

पहिल्यांदा तार कमी गेली आणि तिचं तिलाच कळलं. तिने नाक मुरडलं. मग गेली. मग पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवून तिने स्वतःच पडताळून पाहिलं. दोन्ही सुरांत किंचित थरथर होती, ती तार आणखी केसभर सरकवल्यावर नाहीशी झाली. शेजारी बसलेल्या मुलाचे हात तिच्यापेक्षा दुप्पट दणकट होते. त्याची तार दर वेळी वेगळ्याच ठिकाणी जाऊन थांबत होती, आणि प्रत्येक वेळी तो सरांच्या चेहऱ्याकडे बघून विचारत होता, "आलं का?"

बोटांची रीत सरांनी नंतर दाखवली. ती अशी. तिसरं बोट, म्हणजे अनामिका, आठव्या फ्रेटवर. मागे त्याच तारेवर मधलं आणि तर्जनी, तिघांनी मिळून ढकलायचं. एकट्या बोटाने ओढणं ही हौस आहे, ती दोन वर्षांनी करावी. अंगठा मानेच्या मागे मधोमध ठेवायचा हे कॉर्डच्या वेळी घोकून घेतलेलं इथे विसरायचं. अंगठा मानेच्या वरच्या कडेवर आणायचा. तर्जनीच्या मुळाशी तळव्याचा जो भाग आहे तो मानेच्या खालच्या कडेला टेकतो. ही दोन टोकं पकडीत आली की बोटं ताठ ठेवून मनगट फिरवायचं, कुलपात किल्ली फिरवतो तसं. बोटं वाकवून उघडमीट करून तार ढकलणारे चार दिवसांत दमतात आणि सांधे धरून बसतात.

वरच्या सुरांच्या तीन तारा छताकडे ढकलायच्या, खर्जाच्या जमिनीकडे ओढायच्या, म्हणजे मानेवरून तार निसटत नाही. सरकणारी तार शेजारच्या तारांखाली घुसते आणि परत येताना त्यांना झणकवते. त्यांना तर्जनीच्या टोकाने आणि उजव्या तळव्याने गप्प ठेवायचं. नवशिक्याच्या बेंडमागे जी खरखर ऐकू येते तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. तार नटच्या, म्हणजे मानेच्या शेंड्याकडच्या पट्टीच्या, जवळ ओढणं अवघड आणि मध्यावर सोपं. पहिल्या फ्रेटवर जितका जोर लागतो त्याच्या साधारण निम्मा बाराव्यावर पुरतो, गणितानेच तसं निघतं. म्हणून सुरुवात सातव्या ते दहाव्या फ्रेटच्या आसपास करावी. पहिल्याच दिवशी दुसऱ्या फ्रेटवर झटापट करून 'माझ्याने होत नाही' म्हणणाऱ्यांची मोठी संख्या आहे.

त्या मुलीने जे केलं त्यात मला महत्त्वाचं वाटलं ते असं. गिटार शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ए मायनर पेंटॅटॉनिक नावाची चौकट पाचव्या फ्रेटवर पाठ करायला लावतात. ए, सी, डी, ई, जी. ए ला सा धरलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा राग धानी. आपल्याकडे संध्याकाळी पाच वाजता गाण्याच्या क्लासात धानी शिकणारं आणि सात वाजता गिटारच्या क्लासात पेंटॅटॉनिक घोकणारं एकच पोरगं असू शकतं, आणि या दोन क्लासांची त्याच्या डोक्यात ओळखच होत नाही. एकीकडे तो गंधार हलवतो, निषादावरून वर घसरतो, सुराला कण लावतो. दुसरीकडे आकडे दाबतो. टॅबवरचा बाण किती वर जायचं ते सांगतो. कसं जायचं, वाटेत किती रेंगाळायचं, पोचल्यावर सूर हलवायचा की ठेवायचा, हे तो सांगत नाही. गाणाऱ्याला ते ठाऊक असतं.

ब्लूजवाल्यांनाही ते गळ्यातूनच कळलं. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने १९४१ च्या आत्मचरित्रात एक आठवण लिहिली आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघताना त्याला एक कृष्णवर्णीय गिटारवादक भेटला. तो तारांवर सुरी दाबून घसरवत होता आणि त्याबरोबर गात होता. गळा जे करतो ते पडद्यांच्या वाद्यावर आणायचं, एवढाच तो खटाटोप. सुरीच्या जागी पुढे बाटलीची मान आली, मग काचेची नळी. बी. बी. किंगच्या आईचा मावसभाऊ बुका व्हाइट अशी नळी फार सुरेख चालवायचा. किंगला ती जमेना. मग तो आवाज नुसत्या बोटांनी काढायचा म्हणून त्याने तार ओढून हलवायला सुरुवात केली, आणि पुढे त्याची ती थरथर जगभर नक्कल करण्याचा विषय झाली.

तारा मात्र तेव्हा जाडच मिळायच्या. १९५० च्या दशकात अमेरिकेतले वादक बँजोची बारीक तार आणून पहिल्या जागी लावत आणि संचातली प्रत्येक तार एकेक घर खाली सरकवत. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्नी बॉल या दुकानदाराने बारीक तारांचा तयार संचच विकायला काढला. इलेक्ट्रिक गिटारवरच्या लांबलचक बेंडांमागे प्रतिभा आहेच, पण हा संचही आहे. त्याआधीचे अकूस्टिक ब्लूज ऐका: मोठी ओढ क्वचित, आणि जिथे तिथे पाव स्वराची छोटी ढकल. कोमल गंधार किंचित चढवायचा, शुद्धापर्यंत न्यायचा नाही. जाड तारेला तेवढंच परवडतं. त्या तेवढ्यातच ब्लूजचा सगळा चेहरा आहे, आणि अकूस्टिक शिकणाऱ्याने पहिल्या महिन्यात एवढंच शिकावं असं माझं ठाम मत आहे. अर्ध्या स्वराच्या आतलं काम. ते कुणालाही जमतं आणि लगेच गोड लागतं.

आता मिरजेला येऊ, कारण तार ओढण्याच्या विद्येचं आपलं गाव तेच. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारी करायला घेतल्या आणि त्यांचं आडनावच सतारमेकर झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या एखाद्या दुकानात सतार मांडीवर घेऊन बाजाची, म्हणजे मुख्य, तार ओढून पाहावी. गिटारवाल्याला धक्का बसतो. एका पडद्यावरून चार-पाच स्वर वर! दांडी तीन-साडेतीन इंच रुंद, तिच्यावर तार ओढायला मैदान मोकळं. पडदे कमानदार आणि उंच, त्यामुळे बोट लाकडाला घासतच नाही. गिटारच्या मानेची रुंदी नटपाशी जेमतेम पावणेदोन इंच आणि तेवढ्यात सहा तारा.

पण सगळ्यात बोलका आकडा तारेचा आहे. सतारीच्या बाजाच्या तारेची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे आपल्या अकूस्टिकच्या बाराच्या तारेएवढीच. मग ती इतकी कशी वाकते? ती लांब आहे आणि मध्यमात, म्हणजे गिटारच्या पहिल्या तारेपेक्षा बऱ्याच खाली, लावलेली आहे. हिशेब मांडला तर तिच्यावरचा ताण सहा किलोच्या आसपास येतो. सतारियांच्या बोटांत काही वेगळं रक्त नसतं. वाद्य बांधणाऱ्यानेच मींडेची सोय आधी करून ठेवलेली असते.

गिटारवर ही सोय करायचे दोन प्रयत्न मोठे झाले. पहिला आपल्याकडचा. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी गिटार आडवी मांडीवर घेतली, पडदे निरुपयोगी करून टाकले आणि पोलादी तुकडा घसरवत सगळी मींड उभी केली. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची तबकडी मराठी घरांतून किती वाजली असेल त्याला गणती नाही. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा त्याच वाटेवरची. पण ती घसरवण्याची वाट झाली, ओढण्याची नव्हे.

दुसरा प्रयत्न जॉन मॅकलॉफ्लिनचा. हा इंग्रज गिटारवादक वीणा शिकला, आणि १९७५ मध्ये झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत 'शक्ती' उभी राहिली तेव्हा त्याच्या हातात चक्क अकूस्टिक गिटार होती. गिब्सन कंपनीतल्या एब वेख्टर या कारागिराने ती त्याच्यासाठी घडवली होती. भोकावरून तिरप्या जाणाऱ्या सात तरफा तिला होत्या, ते फोटोत लगेच दिसतं. महत्त्वाचा बदल दिसत नाही: दोन फ्रेटमधलं लाकूड त्याने खोलगट कोरून काढलं होतं. बोटाखाली लाकूडच नाही, फक्त तार आणि फ्रेट. वीणेच्या मेणावरच्या उंच पडद्यांचं तत्त्वच गिटारच्या मानेत उतरलं. शक्तीच्या त्या ध्वनिमुद्रिका ऐकताना व्हायोलिनच्या मागोमाग गिटारची तार ज्या सफाईने वर जाते त्याचं निम्मं श्रेय त्या कोरीव कामाचं. ज्यांनी फक्त वेग ऐकला त्यांनी पुन्हा ऐकावं. डिसेंबर २००० मध्ये शक्तीच्या पुढच्या अवताराचं मुंबईत ध्वनिमुद्रण झालं, ते 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' नावाने निघालं. शक्तीला २०२४ चं ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात झाकिरभाई गेले.

कुणी आपली गिटार कोरायला घेऊ नये. घरच्या कानशीने तर मुळीच नको. त्याहून स्वस्त उपाय आहे. बाराचा संच काढून 'दहाचा' लावायचा. पहिल्या तारेचा ताण साडेदहावरून सव्वासात-साडेसात किलोवर येतो. मग सगळी गिटार अर्धा स्वर उतरवायची. ताण साडेसहाच्या जवळ. म्हणजे आपण सतारीच्या शेजारी येऊन बसलो. कॉर्ड वाजवायच्या असतील तेव्हा पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की सूर जागेवर. याची किंमत मोजावी लागते: आवाज थोडा लहान होतो, खर्ज पातळ वाटतो, जोरात वाजवणाऱ्याच्या तारा फ्रेटला खडखडतात. मैफलीत माइकशिवाय गाण्याला साथ करणाऱ्याने बाराचीच ठेवावी. घरात बसून शिकणाऱ्याला दहाची पुरे.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा नाद सोडावा. नायलॉन रबरासारखा ताणला जातो, बाजूला ढकलून सूर फारसा चढत नाही. तिचं कंपन तारेच्या दिशेने बोट पुढे-मागे डोलवून काढायचं असतं.

आपल्या हवेचंही एक प्रकरण आहे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, लाकूड ओल पितं, गिटारची छाती फुगते आणि तारा मानेपासून वर उचलल्या जातात. मेमध्ये जमत असलेलं बेंड ऑगस्टमध्ये जमत नाही, आणि पोरगं समजतं की आपला हात बिघडला. हात नाही बिघडला, ॲक्शन वाढली. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे नेली तर पुलावरची पट्टी घासून आणि मानेतला रॉड फिरवून तो ती खाली आणून देतो. ओलीने तारांना गंजही लवकर चढतो, आणि गंजलेली तार ओढताना हमखास तुटते; चेहरा जवळ ठेवू नये. बेंड केल्यावर तार उतरून बेसूर होत असेल तर खुंटीला शिव्या देण्याआधी नटची खाच बघावी. तार तिथे अडकते. मऊ पेन्सिलीचं टोक त्या खाचेत घासून घेतलं की ती निमूट परत येते. एवढी जुनी युक्ती, पण क्लासात क्वचितच सांगितली जाते.

घरी सराव कसा करायचा याचं उत्तर मी त्या पुण्याच्या सरांकडून घेतलं आहे. दोन तारांवर एकच सूर: दुसरीचा आठवा फ्रेट ओढून पहिलीच्या पाचव्याशी जुळवायचा. आधी गायचं, मग ओढायचं, मग पडताळायचं. जमलं की उलटं: तार आधी मुकाट्याने ओढून ठेवायची, मग छेडायची आणि सूर खाली सोडायचा. इथे कानाची खरी परीक्षा होते, कारण छेडण्याआधी सूर ऐकू येत नाही, तो आत ऐकावा लागतो. रोज दहा मिनिटं पुरतात. त्याहून जास्त केलं तर सुरुवातीला बोटांना फोड येतात, फोडाचा घट्टा व्हायला पंधरवडा लागतो आणि तेवढे दिवस सराव बुडतो. घरात हार्मोनियम असेल तर षड्ज दाबून ठेवायला तिचा उपयोग करावा. मींड निघत नाही हा तिच्यावरचा मोठा आक्षेप होता, आणि आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. सूर दाखवायला मात्र ती उत्तम.

क्लासवाल्यांना एक विनंती. एफचा कॉर्ड शिकवता त्याच महिन्यात दुसऱ्या तारेवरची अर्ध्या स्वराची ओढ शिकवा, आणि गाऊन शिकवा. गुंडाळीच्या तिसऱ्या तारेवरचं 'फुल' बेंड पहिली दोन वर्षं अभ्यासक्रमातून काढून टाका. ज्याला तेच हवं आहे त्याला इलेक्ट्रिक घ्यायला सांगा, त्यात कमीपणा नाही. आणि शिकणाऱ्यांनी येत्या दिवाळीत तारा बदलाल तेव्हा दहाचा संच मागा. दुकानदार म्हणेल, "बाराची न्या, आवाज मोठा येतो." दहाचाच घ्या.